कोपऱ्यातलं नाव

माझ्या धंद्यात चित्र आधी पाठीमागून बघायचं असतं. गिऱ्हाईक आलं की त्याचं चित्र काउंटरवर उलटं घालायचं. कागद किती जाड आहे, कुठे दुमडलाय, ओल लागली आहे का, कसरीनं कुठे खाल्लंय का, हे तपासायचं आणि मग सुलटं करायचं. खामगावच्या बाजारात चाळीसेक वर्षं मी तसबिरी मढवल्या. देव मढवले, आजोबा मढवले, पदव्या आणि सत्कार मढवले. दुकान बंद केलं त्याला आता दोन वर्षं झाली. पण अजूनही कुणाकडे गेलो की भिंतीवरची तसबीर जराशी पुढे ओढून मागे डोकावतो. आमची मंडळी म्हणतात, "लोकांच्या घरी पाली मोजाले जाता का?"

काम तसं सोपं आहे. पट्टी चार ठिकाणी तिरपी कापायची, कोपरे जुळवायचे, काच, चित्र, हार्डबोर्ड, चुका म्हणजे बारीक खिळे आणि मागून खाकी कागद. चित्र आणि पट्टी यांच्यामध्ये जी कोऱ्या पुठ्ठ्याची चौकट सोडतात तिला माउंट म्हणतात. मी गिऱ्हाइकाला सांगायचो, हे चित्राचं अंगण आहे, अंगण नसलं तर घर रस्त्यावर आल्यासारखं वाटतं. दुपारी बाजार पेंगायला लागला की समोरच्या पत्र्यावरचं ऊन माझ्या काचांवर पडायचं आणि तिथून छतावर जाऊन हलत राहायचं. अशा वेळी सगळ्या तसबिरी पाण्याखाली असल्यासारख्या दिसायच्या. आजोबा, गणपती आणि डोंगर सगळे सारखेच डुलायचे. मी खुर्चीत बसून ते बघायचो आणि कधी डोळा लागायचा ते कळायचं नाही. खरं सांगतो, माझं अर्धं आयुष्य असं काचेवरच्या उन्हात गेलं आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही.

आमच्याकडे चित्र कोणी काढलं हे कोणी विचारत नाही. कोणी दिलं हे विचारतात. लग्नात द्यायची तसबीर असली की काचेवर रंगानं लिहून द्यायचं, सप्रेम भेट, आणि खाली नावं. ते लिहिणं माझ्याकडेच असे, कारण माझं अक्षर बरं. धामणगाव बढ्याहून एक व्यापारी आले होते, सूर्यास्ताचं चित्र घेऊन. त्यांना स्वतःचं, तिन्ही भावांचं, वडिलांचं आणि दुकानाचं नाव हवं होतं. मी म्हटलं, "शेटजी, सूर्य झाकला जाईल."

"जाऊ द्या हो. सूर्य तं रोजच बुडते. नाव दिसलं पाह्यजे."

दुसरे एक निवृत्त तलाठी. त्यांनी छापील निसर्गचित्र मढवून नेलं आणि चार दिवसांनी परत आणलं. त्यांच्या शेजाऱ्याकडच्या चित्राला कोपऱ्यात सही होती, याला नव्हती. "तुमी एक मारून द्या," म्हणाले. मी विचारलं, कोणाची मारू? तर म्हणाले, "कोणाचीबी मारा. फक्त वाचता नाही आली पाह्यजे. वाचता आली की माणूस लहान वाटते." मी एक वेटोळं काढून दिलं. पुढे ते चित्र त्यांच्या दिवाणखान्यात मधोमध लागलं आणि पाहुण्यांना त्याच्याबद्दल काय काय सांगितलं जायचं ते ऐकून मी चहा अर्धा टाकून उठलो होतो.

हे सगळं हसून सांगतोय, पण मी काही यातून सुटलेला नव्हतो. मलाही माझं नाव आवडायचं. शहरातले फ्रेमवाले मागच्या बाजूला चिकटपट्टी लावतात, पण पाठ कोण बघतो माझ्याशिवाय? म्हणून मी सोनेरी रंगाची एक बाटली आणली आणि माउंटच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायला लागलो, 'वसंता, खामगाव'. लक्ष्मीच्या खाली लिहिलं, हंसांच्या खाली लिहिलं, एका प्राचार्यांच्या खालीसुद्धा लिहिलं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की वसंता म्हणजे फ्रेमवाला. गावाबाहेरच्या माणसाला ते कसं कळणार, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

आता गोदाबाईकडे येतो.

गोदाबाई उंद्रीची. घरची शेती, विहिरीवर भाजीपाला. आठवडी बाजाराला ती भेंडी, वांगी, मेथी घेऊन एसटीनं यायची. एके दिवशी टोपली रिकामी करून ती माझ्या दुकानात शिरली आणि पदराखालून वर्तमानपत्राची सुरळी काढून काउंटरवर ठेवली. आत सहा चित्रं होती. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, पोरांच्या शाळेतल्या रंगांनी काढलेली. सवयीनं मी आधी पाठी बघितल्या, तारखा आणि एकादश्या. मग एकेक सुलटं केलं.

सगळी एकाच वावराची चित्रं होती. कांद्याचे वाफे, विहिरीचा काठ, पाटात थांबलेलं पाणी. एकात कार्तिकातल्या सकाळचं धुकं होतं, वाफे त्याच्यात विरघळत गेलेले, आणि मधोमध एक रिकामी बाज. बस्स. ते चित्र बघताना बाजाराचा आवाज दूर गेला. भर दुपारी मला अंगावर गार वारा आल्यासारखं वाटलं. अर्धवट झोपेत लहानपणीचं काहीतरी दिसतं आणि हात लावायला गेलं की जातं, तसं काहीसं झालं.

"कोणी काढली?"

"घरचीच हायेत," ती म्हणाली. "घरात ठेवली तं वाळवी लागते, भाऊ. तुमच्याजवळ काच हाय. काचेत घालून ठेवा. कोणी घेतली तं देऊन टाका, जे यीन ते द्या मले. पण हे एक नका विकू." तिनं धुक्याच्या चित्रावर बोट ठेवलं.

"नाव लिहायचं का खाली? तुमचं?"

ती हसली. "नाव कायले? मेथीच्या जुडीवर नाव लिहितो का आमी?"

मी मढवली सगळी. आणि सवयीनं सहाही माउंटवर सोनेरी अक्षरात 'वसंता, खामगाव' घातलं. गिऱ्हाईक काही मिळालं नाही. लोकांना हंस हवे असतात. एक मात्र कोणीतरी लग्नाच्या भेटीसाठी नेलं आणि ते एका डॉक्टरांच्या घरी गेलं. धुक्याचं चित्र मी माझ्या खुर्चीसमोर लावलं. गोदाबाई बाजाराच्या दिवशी यायची, पाच मिनिटं बाकावर टेकायची, त्या चित्राकडे बघायची, पाणी प्यायची आणि एसटीला जायची. मला वाटायचं, दमते बिचारी, बसते.

असं पाच-सहा वर्षं चाललं. मग पुण्याहून त्या मॅडम आल्या.

मॅडम गावोगावची न शिकलेल्या माणसांची चित्रं गोळा करून प्रदर्शनं भरवायच्या. डॉक्टरांकडे त्या पाहुण्या म्हणून आल्या होत्या. तिथलं चित्र त्यांनी बघितलं, कोपऱ्यातलं नाव वाचलं आणि विचारत विचारत थेट दुकानात आल्या. दारातूनच म्हणाल्या, "तुम्हीच वसंता का?"

मी म्हटलं, "हो."

यात खोटं काहीच नव्हतं. पण मग त्यांची नजर समोरच्या धुक्यावर गेली. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि वळल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्याकडे बघून आजवर कोणाच्याही चेहऱ्यावर आलं नव्हतं. "किती वर्षं करताय हे?" मी म्हटलं, चाळीस होत आली. "कोणाकडे शिकलात?" मी म्हटलं, कोणाकडेच नाही, बघून बघून. तेही खरंच होतं, चुका मारायला मला कोणी शिकवलं नव्हतं. तिथे मला थांबवता आलं असतं. एक वाक्य पुरे होतं. ते वाक्य माझ्या तोंडात आलं आणि मी ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. का गिळलं याचं उत्तर मी अजून शोधतोय. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आजोबांना चौकट घालणाऱ्या माणसाला एकदा कोणीतरी चौकटीत बसवत होतं, आणि मला तिथून उठवेना.

पाचही चित्रं मी त्यांना दिली. धुक्याचंसुद्धा. मनाला समजावलं, आपण विकत कुठे आहोत, प्रदर्शनाला तर देतोय.

पुण्याला गेलो. थंडगार, पांढरी खोली. ज्या चित्रांकडे माझ्या दुकानात कोणी वळून बघत नव्हतं त्यांच्यासमोर माणसं हात मागे बांधून उभी होती. मी एका कोपऱ्यातून नीट बघितलं. प्रत्येक जण आधी खालचं कार्ड वाचायचा, मग मान वर करायचा. कार्डावर लिहिलं होतं, वसंता, खामगाव. जाड चष्म्याचे एक गृहस्थ धुक्यासमोर उभं राहून चार लोकांना सांगत होते की ही रिकामी बाज म्हणजे त्या कलावंताचं एकटेपण आहे. लहान गावात, कोणाला न कळलेलं. ऐकता ऐकता मलासुद्धा मी फार एकटा आहे असं वाटायला लागलं. घरी तीन मुली, जावई, नातवंडं आणि सकाळ-संध्याकाळ बोलणारी बायको असलेला माणूस मी, पण त्या खोलीत तासभर मी खरंच एकटा होतो. डोळे भरून आले माझे. आज लाज वाटते, पण तेव्हा फार गोड वाटलं होतं.

त्यानंतर पेपरात फोटो आला. धुक्याचं चित्र आणि शेजारी मी.

पुढच्या बाजाराला गोदाबाई आली. टोपली बाहेर ठेवली. आत येऊन बाकावर बसली नाही. समोरच्या भिंतीवर नुसता खिळा होता, त्याच्याकडे बघत राहिली.

"आमचं वावर पेपरात आलं," ती म्हणाली. "सुनेनं वाचून दाखोलं. खाली तुमचं नाव हाय. काचेतलं ते सोनेरी मले नक्षी वाटे."

मी बोलायला लागलो. मॅडमचा गैरसमज झाला, मी सांगणारच होतो, प्रदर्शन म्हणजे विकणं नव्हे, तुमचाच फायदा होईल. बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं की मी धामणगावच्या शेटजीसारखा बोलतोय. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मले नाव नव्हतं पाह्यजे, भाऊ. पण तुमचं लिहा, असं म्या कधी म्हटलं? अन् ते एक देऊ नका म्हटलं होतं. काऊन देलं?"

 ती टोपली उचलून गेली. पुढच्या बाजाराला ती आली, पण दुकानावरून सरळ पुढे गेली. त्याच्या पुढच्यालाही.

घरी सांगितलं तेव्हा बायकोनं पोळी तव्यावरून उतरवली आणि फोन माझ्यासमोर ठेवला. "तुमी करता का मी करू?"

मीच केला. सगळं सांगितलं. मॅडम एवढंच म्हणाल्या की मला हे तुमच्याकडून पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. त्यांनी कार्डं बदलली. पेपरात दुरुस्ती आली, बारीक टायपात, पण आली. खामगावच्या चौकात चार दिवस लोकांनी माझी भरपूर थट्टा केली. "कलाकार, चहा घेता का?" म्हणायचे. मी घेत होतो. जाड चष्म्याच्या त्या गृहस्थांनी नंतर एक लेख लिहिला. आता ती रिकामी बाज म्हणजे ज्या बाईला दिवसभर टेकायला वेळ मिळत नाही तिचे कष्ट आहेत, असं ठरलं. धुक्याचा एक थेंबसुद्धा इकडचा तिकडे झाला नव्हता. फक्त खालचं नाव बदललं होतं, आणि आता चित्र पूर्वीपेक्षाही मोठं झालं होतं, कारण ते बाईचं होतं आणि शेतकरणीचं होतं. डॉक्टरांकडचंही मागून घेऊन मॅडमनी सहाही चित्रांचं पुस्तक करायचं ठरवलं. पुन्हा घोटाळा नको म्हणून प्रत्येक चित्रावर खुद्द गोदाबाईची सही घ्यायची होती. सही करायची तर काच काढावी लागते. म्हणून मला निरोप आला, पक्कड आणि चुका घेऊन उंद्रीला या.

गेलो. नको वाटत होतं, पण गेलो.

गोदाबाईच्या ओसरीवर चटई घातली होती, मॅडम चित्रं घेऊन आधीच येऊन बसल्या होत्या. ती माझ्याशी काही बोलली नाही, पाणी मात्र दिलं. मी एकेक फ्रेम उलटी घालून खाकी कागद फाडला, चुका काढल्या, हार्डबोर्ड उचलला. माझ्या नावाचे ते सहा माउंट बाजूला काढून ठेवताना मी मान वर केली नाही. गोदाबाईनं वर्तमानपत्राच्या कडेला दोन-तीनदा नाव लिहून बघितलं. मग पहिल्या चित्रावर लिहिलं, सावकाश, जीभ दातात धरून. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. पाच झाली. मी धुक्याचं चित्र तिच्यासमोर सरकवलं.

तिनं पेन खाली ठेवलं.

"हे माहं नाही."

मॅडमना वाटलं, ती दमली. म्हणाल्या, "जरा थांबून करा."

"थांबून काय करू? माहं नाहीच ते. हे धाकलीचं हाय. माह्या जावेचं." मग तिनं सांगितलं. दोघी जावा दुपारी विहिरीजवळच्या खोपीत बसून काढायच्या. चित्र काढणं धाकटी माहेरून शिकून आली होती. ह्या घरात तिनंच ते आणलं. गोदाबाई तिचं बघून शिकली. धाकटी बाळंतपणात गेली. तिची बाकीची चित्रं वाळवीनं खाल्ली, हे एक उरलं. "म्हणून तं ह्यांच्या काचेत नेऊन ठेवलं होतं," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "बाजाराच्या दिवशी पाहून येत होती तिले."

मॅडम फार समजूतदार बाई. तरीही त्या अडचणीत पडल्या, हे मला दिसत होतं. सगळं कौतुक ह्याच एका चित्राचं झालं होतं. पुस्तकाचं मुखपृष्ठ तेच होतं. त्या हळूच म्हणाल्या, "गोदाबाई, शेत तेच, रंग तेच, हात जवळजवळ तोच. एकच चित्र मागे ठेवून गेलेल्या बाईला लोक विसरून जातील. तुमच्या नावावर राहिलं तर ते टिकेल. तुम्ही सही केलीत तर कोणाला कळणारही नाही."

"मले कळीन ना," गोदाबाई म्हणाली.

मी पक्कड हातात धरून बसलो होतो. मला कोणी काही म्हणालं नव्हतं. पण एवढं लागेल असं आजवर कोणी मला बोललेलं नाही. 'मला कळेल ना', हे वाक्य माझ्या दुकानात, पाण्याच्या त्या घोटाआधी, माझ्या डोक्यात यायला हवं होतं. ते आलं नाही, आणि आता आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं म्हणूनच माझ्याजवळ राहणार.

शेवटी मॅडमनी मान हलवली. "मग त्यांचं नाव लिहू या. काय नाव त्यांचं?"

गोदाबाई उत्तर देणार तेवढ्यात थांबली. "आमी तं धाकलीच म्हणत होतो," ती म्हणाली. लग्नात तिचं नाव बदलून लक्ष्मी ठेवलं होतं, पण त्या नावानंही तिला कधी कोणी हाक मारली नाही. सासूची ती धाकली, नवऱ्याची 'ऐकलं का', वावरातल्या बायांची वयनी. गोदाबाई डोळे मिटून बसली. ओसरीवर कबुतरं घुमत होती, बाकी सगळं शांत. मला वाटलं, ती त्या धुक्यात जाऊन शोधतेय.

"पार्वता," ती म्हणाली. "तिचा भाऊ तिले माहेरी न्यायले मुऱ्हाळी यायचा, तो पार्वता म्हणायचा. माहेरचंच लिहा. चित्र काढणं तिकडलंच होतं तिचं." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुमी लिहा. तुमचं अक्षर चांगलं हाय."

मी आयुष्यात किती नावं लिहिली याची गणती नाही. जोडप्यांची, आमदारांची, मेलेल्यांची, माझं स्वतःचं तर जागोजागी.  त्या दिवशी गोदाबाईनं दिलेला बारीक कुंचला रंगात बुडवला. सोनेरी नाही, साध्या काळ्या रंगात, वाफ्याच्या कडेला, चित्राला त्रास होणार नाही इतकं लहान लिहिलं.

गोदाबाईनं कागद दोन्ही हातांत धरला आणि अक्षरं जुळवत मोठ्यानं वाचलं, "पार्वता." पुन्हा वाचलं, जरा आणखी मोठ्यानं. घरातून तिची सून हात पुसत ओसरीवर आली.

"कोणाले हाका मारून राह्यल्या, आई?"

"तुह्या चुलतसासूले," गोदाबाई म्हणाली.